पन्नासावरची लाल रेघ

माझ्या कंपासपेटीत एक प्लास्टिकचं दातेरी चाक आहे. कधीकाळी पांढरं असेल, आता ग्रीसनं पिवळं पडलंय. बोराएवढं. दाते वीस. कॉलेजात शेजारी बसणारी मैत्रीण एकदा म्हणाली, "ये क्या लेके घूमती है?" मी म्हटलं, "गाड़ी का है." तिनं पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तरी कुठून सुरुवात करावी ते मला कळलं नसतं. म्हणून इथे लिहून बघते आहे.

माझे बाबा ड्रायव्हर आहेत. समता कॉलनीत एक लहानसा दवाखाना आहे, त्याची जीप ते मी बालवाडीत होते तेव्हापासून चालवत होते. दवाखान्याचे डॉक्टर साहेब आठवड्यातले चार दिवस सिस्टर आणि औषधांच्या पेट्या घेऊन खेड्यांत जायचे. आम्ही गुढियारीत राहतो, रेल्वेलाइनीजवळ, दोन खोल्यांत. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या कामासाठी इथे, या हिंदी बोलणाऱ्या शहरात आले आणि इथलेच झाले. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हे सांगताना मला अजून थोडं अवघडल्यासारखं होतं, पण पुढे जे झालं त्यात या गोष्टीचा हात आहे, म्हणून सांगितलं.

शाळेला सुटी असली की बाबा मला जीपमध्ये घ्यायचे. डॉक्टर साहेब पुढे बसत. मी मागच्या आडव्या बाकावर, पेट्या आणि सिस्टर यांच्या मधल्या जागेत. सिस्टर तेव्हाही मला म्हाताऱ्याच वाटायच्या. कमरेला पट्टा बांधायच्या आणि खड्डा आला की माझा दंड धरायच्या. स्वतःला सावरायला की मला, ते कधी कळलं नाही. त्यांच्या पिशवीत खोकल्याच्या गोळ्या असत. गोड होत्या, म्हणून मी खोकायचे.

शहर मागे पडलं, अभनपूरचा रस्ता लागला की बाबा आरशात बघून म्हणायचे, "चाल, मोज."

मोजायचं म्हणजे एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती सेकंद लागतात ते. दगड किलोमीटरचे होते, पण बाबा मैलाचेच म्हणायचे. माझ्याकडे घड्याळ नव्हतं. सिस्टर आपला हात माझ्या मांडीवर ठेवायच्या आणि मी त्यांच्या मनगटावरच्या काट्याकडे बघत मोठ्यानं मोजायचे. दुसरा दगड आला की ओरडायचं. बाबा समोरच्या मीटरकडे न बघता गाडीचा वेग सांगायचे. "साठ सेकंदाले साठ. बहात्तरले पन्नास. नव्वद लागले त चाळीस." हे त्यांना त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं, ज्याच्याकडे ते आधी क्लीनर होते. त्यामागे भागाकार आहे हे मला सहावीत कळलं. बाबांना तो भागाकार येत नव्हता. त्यांना उत्तरं पाठ होती.

बहुतेक वेळा माझं मोजणं बहात्तरवर संपायचं. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर, आणि दगड. शाळेत सगळं हिंदीत होतं, घरीही मी आईला कितीदा हिंदीतच उत्तर द्यायचे. पण आकडे मराठीत मोजायची सवय त्या बाकावर लागली, ती अजून गेली नाही.

बहात्तरच का, त्याचं कारण होतं. दवाखान्याचा नियम होता की जीप पन्नासच्या वर न्यायची नाही. बाबांच्या आधीच्या ड्रायव्हरनं घाईत गाडी शेतात घातली होती, एका नर्सचा हात मोडला होता. बाबांना कामावर घेताना डॉक्टर साहेबांनी ही एकच अट घातली. बाबांनी घरी येऊन आईकडे नखाला लावायचा रंग मागितला. तिनं तो कुणाच्या तरी लग्नासाठी गोल बाजारातून आणला होता आणि एकदाच लावला होता. वेगाच्या मीटरच्या काचेवर, पन्नासच्या आकड्यासमोर, बाबांनी काडीनं एक बारीक लाल रेघ ओढली. दर दिवाळीला गाडी धुतली की ते ती रेघ पुन्हा गिरवायचे. पूजेच्या ताटात हळदीकुंकवाशेजारी ती बाटली असायची. आई म्हणायची, "माह्या नखाले नाही, तुमच्या गाडीलेच शोभते थो."

मी बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या आधी जीपचे टायर बदलायचे होते. जुन्या मापाचे टायर कुठे मिळेनात. टायरवाल्यानं बाबांना सांगितलं, "अब ये साइज कौन रखता है भैया? बड़ा वाला डलवा लो. गाँव का रस्ता है, गाड़ी ऊँची रहेगी तो अच्छा ही है." डॉक्टर साहेब हो म्हणाले. चार मोठे टायर बसले. मागे टांगलेली स्टेपनी तेवढी जुनीच राहिली. बाबांनी चाकाखाली लिंबू ठेवून गाडी त्यावरून नेली. जीप खरंच उंच दिसायला लागली, आणि सिस्टरना चढायला एक लाकडी पाटा ठेवावा लागला. बाबा खूश होते. "आता खड्डे लागतच नाही," म्हणायचे.

डिसेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसून राहिले. आईनं दोनदा विचारल्यावर बोलले.

"सिस्टर म्हणते मी गाडी पळवून राहिलो."

"कोन, आपल्या सिस्टर?"

"डॉक्टर साहेबासमोर म्हणे. 'भैया पहले ऐसे नहीं चलाते थे. मेरी कमर जानती है.' अन् म्हणे, पहिले चाराच्या गावाले पोचाले जेवढा वेळ लागे त्याच्यापेक्षा सात-आठ मिनिटं आधी पोचून राहिलो."

"मग साहेब काय म्हणाले?"

"म्हणे महिनाभर पाहू. नाही त दुसरा ड्रायव्हर पाहावा लागन." बाबांनी मान वर केली. "रेघेच्या वर काटा गेला नाही. एक दिवस नाही. पंधरा वर्षांत कोनी असं नाही म्हटलं मले."

चाराचं गाव म्हणजे ज्या गावी ते गुरुवारी जात. चौथा दिवस म्हणून आमच्या घरात त्याला तसंच म्हणत. तिथपर्यंत साठ किलोमीटर.

बाबा भांडकुदळ नाहीत, पण ते फार दुखावले होते. दुखावलेला माणूस कारणं शोधतो. आधी त्यांनी सिस्टरच्या घड्याळाला दोष दिला. "जुनं घड्याळ हाय, पुढं पळत असन." मग मीटरच्या केबलला तेल घातलं. शेवटी स्टेशनजवळच्या मीटरवाल्याकडे जाऊन पूर्ण मीटरच काढून तपासून घेतला. त्यानं दुसऱ्या मीटरबरोबर एकत्र फिरवून बघितला आणि सांगितलं, "एकदम सही है. नया भी इतना सही नहीं आता." ते ऐकून बाबा जवळजवळ हसतच घरी आले. मीटर खरा, रेघ खरी, काटा रेघेवर. म्हणजे सिस्टर खोटं बोलतात, किंवा म्हाताऱ्या झाल्या आहेत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सिस्टरशी बोलणं कमी केलं. पाटा ठेवायचे, पण हात द्यायचे नाहीत.

मला टायरची शंका आली होती. कधी आली ते नक्की सांगता येणार नाही. वर्गात चाकाची फेरी आणि अंतर असं काही चाललं होतं आणि मला एकदम ती उंच झालेली जीप दिसली. मीटर रस्ता मोजतच नाही. तो चाकाचे फेरे मोजतो, आणि एका फेऱ्यात किती रस्ता जातो ते त्याला जुन्याच चाकाचं माहीत आहे. चाक मोठं झालं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

पण बाबांना हे कसं सांगायचं? मी कॉलेजात गेल्यापासून ते माझ्याशी थोडं वेगळं वागायला लागले होते. लाइटच्या बिलावरचं काही असलं, औषधावरचं काही असलं की माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "तू पाह्य, तू शिकलेली हाय." त्यात कौतुक होतं. पण पूर्वी ते मला सांगायचे आणि मी ऐकायचे, ते बंद होत चाललं होतं. गाडी ही एकच गोष्ट उरली होती जिच्यात ते मला काही विचारत नसत. तिथेही मीच त्यांना चूक दाखवायची, हे मला जमेना. आठ-दहा दिवस मी गप्प राहिले. त्या दिवसांत ते रोज थोडं वेगानंच जात होते आणि मला ते माहीत होतं. याची मला अजून लाज वाटते.

शेवटी मी सोपा मार्ग काढला. एका रविवारी जीपमध्ये डिझेल भरायला ते निघाले तेव्हा सोबत गेले आणि मोबाईलवर वेग दाखवणारं अ‍ॅप लावून फोन त्यांच्यासमोर धरला. काटा पन्नासवर, फोनवर पंचावन्न.

"बाबा, हे पाहा."

त्यांनी तिरक्या नजरेनं बघितलं. "ते वरून पाह्यते. वरून काय समजते? मोबाईल त मले काल नदीत दाखवून राहिला होता." आणि फोन बंद करायला सांगितला.

पंपावर डिझेल भरून झालं. परत वळायचं ते सोडून बाबा तसेच अभनपूरच्या बाजूला थोडं पुढे गेले. का ते मी विचारलं नाही. रविवारची सकाळ, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कापलेली भातशेतं. समोर एक पांढरा दगड दिसला. मला वाटतं मी विचार केलाच नाही. तोंडातून निघून गेलं, "मोजू?"

कितीतरी वर्षांनी मी तो शब्द काढला होता. बाबांनी आरशात बघितलं. मी मागे नव्हतेच, शेजारी बसले होते, पण त्यांनी सवयीनं आरशातच बघितलं. मग काटा बरोबर लाल रेघेवर आणून धरला. "मोज."

दगड गेला. एक, दोन, तीन. मी माझ्या घड्याळाकडे बघत मोठ्यानं मोजत होते. साठच्या पुढे गेले आणि पुढचा दगड दिसायला लागला. पासष्ट म्हणताच तो मागे गेला.

"घाई केली तू," बाबा म्हणाले.

"मग तुम्हीच मोजा."

मी घड्याळ काढून त्यांच्या समोरच्या पट्टीवर ठेवलं. ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे बघत, ओठ हलवत मोजत होते. आवाज येत नव्हता. काटा रेघेवरून केसभर हलला नाही. दगड आला तेव्हा त्यांचे ओठ थांबले. त्यांनी आकडा सांगितला नाही. तिसऱ्या दगडापर्यंत पुन्हा मोजलं. मग गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

मी आतच बसून राहिले. ते पुढच्या चाकाजवळ उभे राहिले. मागे गेले, स्टेपनीवर हात ठेवला. परत पुढे आले. हाताची वीत लावून चाकाची उंची मोजली, मग स्टेपनीची. काचेतून मला त्यांचं फक्त डोकं दिसत होतं, इकडून तिकडे जाणारं.

दार उघडून ते बसले. "टायरानं केलं," म्हणाले. थोड्या वेळानं, गाडी सुरू करायच्या आधी, "तुले माहीत होतं?"

"हो."

"काहून नाही सांगितलं?"

मी पट्टीवरचं घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. त्यांनी परत विचारलं नाही. घरापर्यंत काटा पंचेचाळीसवर ठेवून आले.

गल्लीत आल्यावर त्यांना खात्री करून घ्यायची होती. त्यांनी स्टेपनी काढली, तिच्यावर आणि जमिनीवर खडूची खूण केली आणि चाक एक पूर्ण फेरा ढकलत नेलं. जिथे खूण परत जमिनीला लागली तिथे दुसरी रेघ. मग पुढचं चाक त्याच पहिल्या खुणेवर आणून, टायरवर तशीच खूण करून, गाडी न्यूट्रलमध्ये टाकून आम्ही तिघी, म्हणजे आई, मी आणि शेजारची काकू, जीप ढकलत होतो. काकू म्हणाली, "काहो, बंद पडली काय?" बाबा आतून हँडल धरून म्हणाले, "नाही, चालून राहिली. जास्तच चालून राहिली." मोठ्या चाकाची रेघ लहान चाकाच्या रेघेच्या पुढे वीतभराहून जास्त गेली. बाबा त्या दोन रेघांच्या मधे उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती.

मी म्हटलं, "काचेवर दुसरी रेघ ओढू. पंचेचाळीसवर."

"रेघ नाही हलवाची," ते म्हणाले. "रेघ पन्नासाची हाय. साहेबानं पन्नास म्हटलं, मी पन्नासवर ओढली. बाकीचं दुरुस्त करू."

गुढियारीतच एक म्हातारे मिस्त्री आहेत, जुन्या जीपांचं काम करणारे. त्यांनी बाबांचं ऐकून घेतलं आणि गाडीखाली सरकले. केबल जिथे गिअरबॉक्समध्ये जाते तिथे टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, ते काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. "गिन तो बेटी." मी मोजले. वीस. "इससे कम दाँत वाला लगेगा, तो केबल तेज़ घूमेगा. कितना कम?" ते बाबांना विचारत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मनात हिशेब केला, पासष्ट आणि बहात्तर, दहात एकाएवढा फरक. "अठरा," मी म्हटलं, पण इतक्या हळू की मिस्त्रींना ऐकू गेलं नाही. बाबांनी मोठ्यानं सांगितलं, "अठारा. लड़की बोल रही है."

मिस्त्रींनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला. त्यात असली पन्नासेक चाकं होती, भंगारात गेलेल्या गाड्यांची. आम्ही तिघं खाली बसून दाते मोजत होतो. सतरा सापडलं, एकोणीस सापडलं, बावीस तर चार. अठराचं बाबांना सापडलं. एक दाता किंचित झिजलेला होता. मिस्त्री म्हणाले, "चलेगा. ये भी बुड्ढा, गाड़ी भी बुड्ढी."

संध्याकाळी आम्ही परत त्या रस्त्यावर गेलो. काटा रेघेवर. मी मोजलं. एकाहत्तरवर दगड दिसला, बहात्तरवर गेला. बाबांनी एकदा हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

मला वाटलं झालं सगळं. रात्रीची भाकरी थापताना आईलाही तसंच वाटलं. पण बाबा म्हणाले, "उद्या सांगतो साहेबाले."

"काय सांगता?"

"का मी दोन महिने पंचावन्ननं चालवली."

आईचा हात थांबला. "काहून सांगता? आता त नीट झालं न. सिस्टरले बी वाटन, भैयानं ऐकलं. साहेबानं महिना देला, त्या महिन्यात सुधरले तुम्ही. संपलं."

"अन् साहेबानं विचारलं का पहिले काहून नाही पाह्यलं, मग?"

"म्हणूनच म्हणते, सांगू नका."

आईचं चुकत नव्हतं. आधीच्या ड्रायव्हरला याच गोष्टीसाठी काढलं होतं. बाबांचं वय पंचावन्नच्या पुढे, दुसरीकडे कुणी घेतलं नसतं. आणि माझ्या मनात आलं की मी दहा दिवस आधी बोलले असते तर निदान दहा दिवस कमी सांगावे लागले असते. मी तसं म्हणालेही. बाबा म्हणाले, "ते माहं हाय. तू कशाले घेतं?"

दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुटी होती. बाबांनी "येतं काय?" विचारलं, इतकंच. दवाखान्याच्या फाटकात डॉक्टर साहेब पेट्या मोजून घेत होते, सिस्टर पाट्याजवळ उभ्या होत्या. बाबांनी पेटी खाली ठेवली. मला वाटलं होतं ते साहेबांकडे वळतील. ते सिस्टरकडे वळले.

"दीदी, आप सही बोल रहे थे. गाड़ी तेज़ जा रही थी. टायर बड़ा हो गया, काँटा कम दिखा रहा था. मैंने काँटे को माना, आपको नहीं माना." मग साहेबांकडे. "साहब, दो महीना पचपन पे चली है. अब ठीक कर दिया. आपको जो करना है."

डॉक्टर साहेब चष्मा काढून पुसत राहिले. सिस्टरच आधी बोलल्या.

"मतलब मेरी घड़ी ठीक है?"

"ठीक है दीदी."

"हव. तुम बोलते फिरते थे न, घड़ी आगे भागती है." त्यांनी बाबांच्या खांद्याचा आधार घेतला आणि पाट्यावर पाय ठेवला. कितीतरी दिवसांनी बाबांनी हात दिला. बसल्यावर त्या पुढे वाकून साहेबांना म्हणाल्या, "चलिए सर, देर हो रही है. अब तो सात मिनट और लगेंगे."

साहेबांनी चष्मा लावला आणि पुढे बसले. महिन्याच्या मुदतीचं ते नंतर कधीच बोलले नाहीत.

मी मागे, पेट्या आणि सिस्टर यांच्या मधल्या जागेत बसले. आता ती जागा मला पुरत नव्हती, गुडघे पेटीला लागत होते. अभनपूरचा रस्ता लागला. बाबांनी आरशात बघितलं, पण साहेबांसमोर काही बोलले नाहीत. सिस्टरनी आपला हात माझ्या मांडीवर ठेवला, मनगट वर करून. घड्याळ तेच होतं, पट्टा तेवढा नवा.

"गिन," त्या म्हणाल्या.

या वर्षी ती जीप भंगारात गेली. दवाखान्याला नवी गाडी मिळाली, बाबाच चालवतात. तिच्यात काटा नाही, नुसता आकडा उजळतो, आणि रेघ कुठे ओढायची ते बाबांना कळत नाही. आईची बाटली देवघरात सुकून गेली आहे. जीप न्यायला ट्रक आला त्या सकाळी बाबांनी मीटरची काच काढायचा प्रयत्न केला, ती फुटली. मग त्यांनी खिशातून हे वीस दात्यांचं चाक काढून मला दिलं. मिस्त्रींकडून परत आणल्यापासून ते बाबांकडेच होतं, मला माहीत नव्हतं.

गेल्या सुटीत मी नव्या गाडीतून त्यांच्यासोबत गेले. सिस्टर आता कामावर नाहीत. रस्ता रुंद झाला आहे, दगड नवे आहेत, पण अंतर तेवढंच आहे. पडद्यावर पन्नास होतं. पहिला दगड आला तेव्हा बाबांनी आरशात बघितलं आणि मी माझं मनगट वर केलं.